कौलवाल्याची सही

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक अंगण समोर आणा. चांगलं मोठं. या टोकाला उभं राहून हाक मारली तर त्या टोकाचा माणूस "काय?" म्हणून पुन्हा विचारील, एवढं. अंगणभर ओली कौलं मांडलेली आहेत, मधोमध चिरलेल्या नळ्या पालथ्या घातल्यासारखी, रांगेमागे रांग. मधून चालायला पाऊलभर वाट. आता तुमचं वय दहा वर्षं आहे असं समजा. (जे खरंच दहाचे आहेत त्यांना काही समजायची गरज नाही.) तुमच्या हातांत लाकडी साचा आहे, साच्यावर ओलं कौल आहे. ते त्या पाऊलभर वाटेने न्यायचं, जमिनीवर टेकवायचं आणि साचा खालून अलगद ओढून घ्यायचा. घाई केली तर कौल खचतं. रेंगाळलात तर साच्याला चिकटतं. जमेल? भिंगरीला जमायचं.

आता त्याच हातांत पुस्तक आहे. वर्ग गप्प आहे, सगळे तुमच्याकडे बघताहेत, आणि पहिल्या ओळीतल्या पहिल्याच शब्दाचं काय करायचं ते तुम्हाला कळत नाही. भिंगरीचं तिथे अडायचं. ही गोष्ट तिची आहे, आणि थोडी जास्त तिच्या बापाची.

त्या गावात कौलं करणारं ते एकच घर उरलं होतं, म्हणून बापाला सगळे कौलवाला म्हणत. घरात माणसं चार. कौलवाला, त्याची बायको, चौथीतली भिंगरी आणि दुसरीतला तिचा भाऊ. भावाला घरात धाकटाच म्हणत. भिंगरीचा पाय एका जागी ठरत नसे म्हणून ती भिंगरी. आईबरोबर चिखल तुडवायला उतरली की आई दमून कडेला बसली तरी हिच्या फेऱ्या चालूच.

त्या वर्षी मळभ हटेना. पाऊस म्हणावा तर पडत नव्हता, ऊन म्हणावं तर फिरकत नव्हतं. तीन आठवडे आभाळ मळक्या चादरीसारखं अंगावर पडून होतं. कौलवाला रोज सकाळी पहिल्या रांगेतल्या कौलाला नख लावून बघे. नख रुतायचं. असं कौल भट्टीत घातलं तर ते तडकतंच, जाताना शेजारच्यालाही घेऊन जातं. भट्टी रिकामी, अंगण भरलेलं, नवं कौल टाकायला जागा नाही. गुरांच्या दवाखान्याचं छप्पर करणारा मिस्त्री दर दोन दिवसांनी यायचा. सायकलवरून न उतरता एक पाय कुंपणाच्या दगडावर टेकायचा.

"काय कौलवाले, गुरांना छत्र्या वाटू का?"

"आभाळाला विचारा."

"पत्ता द्या, जातो."

अशाच एका दुपारी भिंगरी शाळेतून आली ती दप्तर न ठेवताच बापासमोर उभी राहिली. हातात घडी घातलेला कागद.

"मोठ्या गुरुजींनी दिलाय. सही पाहिजे. उद्याच."

कौलवाला कौलाच्या मापाच्या लाकडी चौकटीत चिखल थापत होता. त्याने हात बादलीत बुडवले, मांडीला पुसले आणि कागद घेतला. कागद हाती आला की काय करायचं हे त्याचं वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. हात लांब न्यायचा, मग थोडा जवळ आणायचा. डोळे बारीक करायचे. नजर वरून खाली सावकाश उतरवायची, मध्ये एकदा थांबवायची, कपाळाला एक आठी घालायची आणि शेवटी "हं" म्हणायचं. त्याने ते सगळं क्रमाने केलं. खाली एक मोकळी रेघ होती. ती त्याला ओळखता यायची. कुठल्याही कागदावर सहीची जागा तळालाच असते.

"काय लिहिलंय, बाबा?"

"चौथीत आहेस ना? तूच वाच की."

भिंगरीने मान खाली घातली. बोलून गेल्यावर त्याला चुटपुट लागली, पण असल्या वेळी हे वाक्य त्याच्या तोंडून आपोआप निघायचं. समोरच्याला गप्प करणारं दुसरं वाक्य त्याच्याकडे नव्हतं. धाकटा असता तर त्याने घडाघडा वाचून टाकलं असतं. दुसरीत असून तो जाता-येता दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायचा. पण तो आईबरोबर सरपण आणायला गेला होता. भिंगरीला वाटलं, बाबांनी वाचलंय. कौलवाल्याला वाटलं, असेल नेहमीचंच काहीतरी. त्याने दप्तरातलं पेन घेतलं आणि रेघेवर सही काढली. तीन वळणं आणि एक शेपटी. मुलं पाटीवर फूल काढतात तशी तो ती काढायचा.

बायको भारा टाकून आली. "कसला कागद?"

"शाळेचा. नेहमीचा."

दुसऱ्या दिवशी धाकटा घरी आला तो नाचतच. "ताई आमच्या वर्गात! ताई आमच्या वर्गात!"

"तुला न्यायला आली असेल," आई म्हणाली. ती गुडघाभर चिखलात होती.

"न्यायला नाही गं, बसायला! माझ्याच बाकावर. तिचे गुडघेच मावेनात. मग तिने पाय बाहेर काढले, तर पोरं तिच्या पायांवरून उड्या मारून जायला लागली." हे सांगताना तो खदखदा हसला. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. "सगळे तिला मावशी म्हणाले," असं म्हणून तो रडायलाच लागला.

आई चिखलातून बाहेर आली. "कोणी बसवलं तिला तिथे?"

"मोठ्या गुरुजींनी. म्हणाले, तिच्या वडिलांनी लिहून दिलंय. चौथीतून काढून दुसरीत घाला म्हणून सही दिलीय."

कौलवाल्याचे हात चौकटीत होते तिथेच राहिले. चिखल बोटांमधून वर आला. धाकट्याच्या मागोमाग भिंगरीही आली होती आणि कुंपणाशी उभी होती. तिच्या पोटऱ्यांवर धुळीचे बुटांचे ठसे होते. आणि नेमका त्याच वेळी मिस्त्री सायकलवरून येऊन दगडावर पाय टेकता झाला.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "तुम्ही वाचलं होतं ना?"

खरं बोलायचं तर तीच वेळ होती. वाक्यही लहान होतं. पण बायको बघत होती, पोरगा बघत होता, आणि ज्या मिस्त्रीसमोर तो मापांचे कागद हातात धरून "हं, हं" करत आला होता, तो मिस्त्रीही कान देऊन होता.

"वाचलं होतं," कौलवाला म्हणाला. "न वाचता सही करतो का कुणी? तुझ्या भल्याचंच आहे ते."

भिंगरीने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग दप्तर खुंटीला अडकवलं, फ्रॉक खोचला आणि आईने सोडलेल्या चिखलात उतरली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आई समजावून थकली.

"दुसरीत ती परत पाऊल टाकणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "चौथीत कुणी घेणार नाही. म्हणजे शाळा सुटलीच की तिची."

"इथे काय काम कमी आहे?"

"तुम्हाला दोन हात मिळाले. तिला काय मिळालं?"

दोन हात मिळाले होते हे खरं. भिंगरी सकाळपासून राबत होती. कौलं उलटी करून दुसरी बाजू वाऱ्याला लावायची, साच्यावर राख भुरभुरायची, चौकट धुवायची, सगळं न सांगता. तिच्या टाचांना भेगा पडल्या. बापाशी ती एकेका शब्दात बोले. "साचा." "पाणी." "सरका." बाबा हा शब्द तिने चार दिवसांत एकदाही उच्चारला नाही. धाकट्यानेही रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचणं बंद केलं. असं करायला त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी वारा फिरला, कोरडा झाला. दुपारी चौथीच्या बाई आल्या. त्या गावात त्याच वर्षी बदलून आल्या होत्या. स्कूटर बाहेर लावून, साडी सावरत, त्या पाऊलभर वाटेने एकही कौल न दुखवता आत आल्या. कौलवाल्याच्या बायकोने घमेलं पालथं घालून त्यांना बसायला दिलं.

"तुम्ही सही कराल असं वाटलं नव्हतं मला," बाई म्हणाल्या. "पालकांनी नाही म्हटलं असतं तर तिला हलवता आलं नसतं. कागद त्यासाठीच पाठवला होता. मी वाट बघत होते, आज येतील भांडायला, उद्या येतील."

"मी काय भांडणार? पोरीला येत नाही, तर नाही येत."

"काय येत नाही?"

कौलवाला भट्टीची राख ओढायला लागला.

बाईंनी भिंगरीला जवळ बोलावलं. "माझ्यावर रागावलीस?"

"नाही."

"मग शाळेत का येत नाहीस?"

"बाक लहान आहे."

बाई हसल्या नाहीत. "वाचताना तुझं नेमकं काय होतं ते सांगशील? मी परीक्षा घेत नाहीये. मला माहीत नाही म्हणून विचारतेय."

भिंगरी तळहातावरचा वाळलेला चिखल सोलत राहिली. मग म्हणाली, "अक्षर दिसतं. पण त्याचा आवाज लगेच सापडत नाही. शोधायला जाते, सापडतो. मग पुढच्याचा शोधायला जाते. तो सापडेपर्यंत मागचा निसटलेला असतो. मग परत मागे. तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, लवकर वाच. मग सगळंच सांडतं."

राख ओढण्याचा आवाज थांबला. कौलवाला फावड्यावर रेलून उभा होता. हा आपल्याच डोक्यातला बिघाड आहे, जगात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात तो नाही, असं धरून त्याने तीस वर्षं काढली होती. तो बिघाड आता त्याची पोरगी शब्दाशब्दाने, जसाच्या तसा, घमेल्यावर बसलेल्या बाईला सांगत होती.

"हा आळस नाही," बाई आईकडे वळून म्हणाल्या. "आणि डोकं कमी आहे असंही नाही. काही मुलांना वाचन उशिरा येतं आणि फार कष्टाने येतं. डिस्लेक्सिया म्हणतात त्याला. शहरातल्या दवाखान्यात तपासून देतात, मी चिठ्ठी देईन. पुष्कळदा हे घराण्यातही असतं. तुमच्याकडे आणखी कुणाला आहे का असं?"

आईने भट्टीकडे पाहिलं.

"नाही," कौलवाला म्हणाला. जरा जास्तच चटकन.

बाईंनी मग एक चिखलाची चौकट मागून घेतली, मांडीवर ठेवली आणि त्यावर बोटाने हातभर मोठं अक्षर काढलं. भिंगरीचं बोट त्या खाचेत ठेवलं. "गिरवताना आवाज काढायचा. हात, तोंड, कान, तिघांनी मिळून शिकायचं. एका दिवसात दोन अक्षरं, बस. ती पक्की झाली की एकमेकांना जोडायची. मग चिखल पुसायचा आणि पुन्हा." भिंगरीने गिरवलं. पुन्हा गिरवलं. चिखल तिच्या ओळखीचा होता, बोट अडलं नाही.

"रोज पंधरा मिनिटं," बाई म्हणाल्या. "ती आणखी म्हणाली तरी थांबायचं. चुकली तर 'नीट बघ' म्हणायचं नाही. ती बघतेच आहे. आणि पुस्तकातले धडे कुणीतरी तिला वाचून दाखवायचे. धडा कानाने शिकला तरी तो शिकलाच."

"मी दाखवीन!" धाकटा ओरडला.

"दाखव. पण 'तुला येतं का?' असं एकदाही विचारायचं नाही. कबूल?"

"मनात विचारलं तर चालेल?"

"मनातही नाही."

जाताना बाई कौलवाल्याजवळ थांबल्या. "शाळेत मी प्रश्न वाचून दाखवीन, तिची उत्तरं तोंडी घेईन, लिहायला जास्त वेळ देईन. पण त्यासाठी ती माझ्या वर्गात हवी. शनिवारी वर्गांच्या याद्या वरच्या कचेरीत जातात. त्यानंतर वर्षभर काही हलत नाही. तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत तरच काही होईल."

"काय सांगू? मन बदललं?"

"कशामुळे बदललं ते गुरुजी विचारतील," बाई म्हणाल्या आणि स्कूटरकडे गेल्या.

त्याच संध्याकाळपासून पंधरा मिनिटं सुरू झाली. आई चूल पेटवता पेटवता घड्याळाकडे लक्ष ठेवी. धाकटा चौथीचं पुस्तक मांडीवर घेऊन मोठमोठ्याने धडा वाचे, जोडाक्षर आलं की खड्ड्यावरून उडी मारल्यासारखा जोरात. कौलवाला पाठ करून बसायचा आणि साच्याला तेल चोळायचा. चोळता चोळता त्याचं बोट लाकडावर वळणं घेत असे.

शुक्रवारी आभाळ फाटलं आणि ऊन पडलं. नख रुतेना. भट्टी भरायला घेतली. हे काम दोघांचं. एक जण भट्टीच्या पोटात उकिडवा बसून कौलं उभी रचतो, दुसरा तोंडाशी राहून एकेक आत देतो. बायको सरपण फोडत होती, म्हणून भिंगरी तोंडाशी उभी राहिली. आत अंधार होता, जुन्या धुराचा वास होता. बाहेरून बापाचे फक्त दोन हात दिसायचे. ते पुढे यायचे, कौल घ्यायचे, आत जायचे.

मग आतून आवाज आला. "तो कागद मी वाचला नव्हता."

भिंगरीच्या हातातलं कौल तसंच राहिलं.

"दे इकडे. पडेल."

तिने दिलं. "मग वाचलं म्हणालात ते?"

"खोटं बोललो."

"का नाही वाचलं? घाई होती?"

"येत नाही." हात बाहेर आले, रिकामेच थांबले. "मला वाचता येत नाही, भिंगरे."

"थोडंसुद्धा?"

"माझी सही येते. तीपण चित्र म्हणून."

भिंगरीने त्या हातांत एक कौल ठेवलं. "मग तुम्ही टपरीवर रोज पेपर घेऊन बसता ते?"

"फोटो असतात."

"एवढा वेळ?"

"नीट बघतो."

भिंगरीला हसू फुटलं. ते दाबायला तिने तोंडावर हात धरला तर तोंडाला माती लागली, त्याचंही हसू आलं. आतूनही एक खाकरल्यासारखा आवाज आला. मग ती गंभीर झाली. "तुमचंपण सापडेपर्यंत मागचं निसटतं?"

"तू बाईंना सांगितलंस ना, तसंच. अगदी तसंच."

"आईला माहीत आहे?"

"नाही. तिला वाटतं मी मनातल्या मनात वाचतो."

"लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं," सरपणाच्या ढिगाकडून आई म्हणाली. कुऱ्हाड थांबवायची तिने तसदी घेतली नाही. "दवाखान्याच्या पाटीखाली उभे राहून लोकांना विचारत होतात, दवाखाना कुठे आहे."

पुढे आलेले दोन हात तसेच आत गेले.

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तुम्ही एवढं जिवापाड लपवत होतात. म्हटलं, असू दे." तिने एक ओंडका चिरला. "पण पोरीच्या जिवावर नको होतं लपवायला."

कौलवाला गुडघ्यांवर हात टेकून बाहेर आला. केस, भुवया, मिशा राखेने पांढऱ्या. तो भिंगरीसमोर उभा राहिला. भिंगरीनेच पुढचं कौल उचललं.

"आत जा, बाबा," ती म्हणाली. "अजून अर्धं अंगण आहे."

शनिवारी पहाटेच भट्टी पेटवली. पेटलेल्या भट्टीजवळून कौलवाला आजवर कधी हलला नव्हता. आच कमी पडली तर कौल कच्चं राहतं, जास्त झाली तर वाकतं, आणि तीन आठवड्यांचं काम एका सकाळीत मातीला मिळतं.

"मी बघते," बायको म्हणाली. "धुराचा रंग मलाही कळतो. तुम्ही शर्ट बदला."

तो शर्ट बदलून, भिंगरीला आणि धाकट्याला घेऊन शाळेत गेला. धाकटा आपल्या वर्गात पळाला. भिंगरी मोठ्या गुरुजींच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. कौलवाला आत गेला आणि थबकला. खोलीच्या खिडकीशी मिस्त्री होता. निखळलेली बिजागरी बसवत होता.

"वा, कौलवाले! भट्टी पेटवून इकडे? माझी कौलं कोण भाजतंय?"

"बायको."

"मग चांगली होतील," मिस्त्री म्हणाला आणि स्क्रू पिळायला लागला.

मोठे गुरुजी यादीवर रेघा मारत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "बोला."

"मुलीला चौथीतच ठेवा."

"तुमच्याच सहीने हलवलंय." गुरुजींनी फाइल उघडून कागद काढला, त्याच्यापुढे सरकवला. "ही सही तुमची ना?"

"माझी."

"मग वाचा काय लिहिलंय. 'मला मान्य आहे' असं स्पष्ट आहे."

कौलवाल्याने कागद उचलला. हात सवयीने लांब गेला. डोळे बारीक व्हायला लागले. मग त्याने कागद परत टेबलावर ठेवला.

"मला वाचता येत नाही, गुरुजी."

स्क्रू पिळण्याचा आवाज थांबला.

"न वाचता सही केली," कौलवाला म्हणाला. "कुणाला विचारायची लाज वाटली."

गुरुजींनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना ओळीत बसवलं होतं आणि कोण कुठल्या ओळीत शोभतं हे आपल्याला कळतं, अशी त्यांची समजूत झाली होती. "असं कसं चालेल? उद्या सगळेच म्हणतील, वाचलं नव्हतं. आणि तिचं वाईट व्हावं म्हणून मी केलं का हे? चौथीचं पुस्तक तिला झेपत नाही. खालच्या वर्गात पाया पक्का होईल."

"मला तिसरीतून पहिलीत बसवलं होतं," कौलवाला म्हणाला. "पाया पक्का व्हावा म्हणूनच. दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी बापाबरोबर चिखलात उतरलो, तो अजून तिथेच आहे. चिखल वाईट नाही, गुरुजी. माझं घर चालतं त्याच्यावर. पण मी तो निवडला नव्हता. मला दुसरीकडे उभंच राहता येत नव्हतं."

चौथीच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"म्हणजे माझ्या मापांचे कागद..." मिस्त्री हळूच म्हणाला.

"तुम्ही देताना बोलत होता. ते लक्षात ठेवायचो."

"सगळं?"

"सगळं."

"मी स्वतः लिहितो आणि घरी जाऊन विसरतो," मिस्त्री म्हणाला. मग त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं आणि आवाज न करता स्क्रू पिळायला लागला.

गुरुजींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी काय काय करणार ते सांगितलं. प्रश्न वाचून दाखवायचे, उत्तरं तोंडी घ्यायची, शुद्धलेखनाच्या चुकांवर गुण कापायचे नाहीत. तपासणीची चिठ्ठीही तयार होती. गुरुजींनी ती दोनदा वाचली. मग पट्टी घेतली, यादीतलं एक नाव खोडलं आणि दुसऱ्या यादीच्या तळाशी लिहिलं.

"परीक्षेपर्यंत," ते म्हणाले. "मग बघू. पण एक सांगतो. चौथीत बसायचं तर वर्गात वाचायची पाळी येईल. ती तिला चुकवता येणार नाही."

"पाळी मी तिला आदल्या दिवशी सांगेन," बाई म्हणाल्या. "अचानक उभं करणार नाही. सोमवारची देते, म्हणजे तयारी करून येईल."

"आज वाचते," दाराबाहेरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. भिंगरी उंबऱ्याशी होती. दप्तर दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं.

"आज नको," बाप म्हणाला. "घाई कशाला?"

"धाकट्याने चार वेळा वाचून दाखवलाय तो धडा. त्यात काय आहे ते मला माहीत आहे." मग ती बाईंकडे बघून म्हणाली, "पण हळू वाचणार. आणि मध्ये कुणी शब्द सांगायचा नाही."

शेवटचा तास चौथीचा वाचनाचाच होता. बाईंनी कौलवाल्याला व्हरांड्यात थांबायला सांगितलं. खिडकीतून त्याला आपल्या मुलीची पाठ आणि एक वेणी दिसत होती. आधी एका मुलाने पाण्यासारखं वाचलं. मग एका मुलीने. मग भिंगरी उभी राहिली, पुस्तक बाकावर ठेवलं, पहिल्या शब्दाखाली बोट टेकवलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. कौलवाल्याने खिडकीचा गज धरला. मग पहिला शब्द आला. नंतर दुसरा, तुटक, दोन तुकडे जोडावेत तसा. तिसऱ्यावर ती थांबली. मागच्या बाकावरून कुणीतरी शब्द पुटपुटला. बाईंनी नुसता पंजा वर केला आणि तो मुलगा गप्प झाला. कुणीतरी फिसकन हसलं. भिंगरीचे कान लाल झाले, पण बोट जागचं हललं नाही. ओठ हलत होते. शब्द निघाला, चुकीचा निघाला. तिला स्वतःलाच ते कळलं, ती मागे गेली आणि बरोबर घेऊन आली. एक ओळ झाली. व्हरांड्यात कौलवाल्याच्या पाठीवरून घाम उतरत होता, जणू भट्टीच्या तोंडाशी तो उभा आहे. घरच्या भट्टीची त्याला आठवणही नव्हती.

दुसरी ओळ. तिसरी. चौथ्या ओळीच्या मध्यावर शाळा सुटल्याची घंटा झाली.

वर्ग उधळला. दप्तरं, बाटल्या, ढकलाढकल, शनिवारचा आरडाओरडा. मुलं बापाच्या दोन्ही बाजूंनी धावत सुटली. बाई भिंगरीजवळ गेल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "छान. खरंच छान. उरलेलं सोमवारी वाच."

धाकटा धापा टाकत दारात आला. "ताई, चल ना! बाबा थांबलेत!"

भिंगरीने मान वर केली नाही.

"थांब," ती म्हणाली, "शब्द सापडतोय," आणि रिकाम्या वर्गात उभी राहून तिने चौथी ओळ पुढे वाचायला घेतली.